दोष ओलीचा नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर न सांगताच सगळं कळतं. तुम्हाला सांगतो. हसायचं तर खुशाल हसा.

लोणावळ्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कामशेतचे सलीमभाई फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्क विकत — स्वस्त, शिवाय जागा भरपूर. मी चिपवाल्या एसएसडी विकतो. महाग, पण आत काही फिरतच नाही, त्यामुळे पडली तरी चालते. हे पटवायला मी गिऱ्हाइकादेखत एसएसडी काउंटरवरून खाली टाकायचो, उचलून जोडायचो आणि गाणं लावायचो. केवढी ती ऐट!

एकदा कुरवंड्याचे आबा सलीमभाईंकडची डिस्क घेऊन आले. त्यांचा बैल सर्जा बैलगाड्यांच्या शर्यतीत पहिला आला होता, त्याचं चित्रण तिच्यात. सर्जा आता नाही. उरलं ते एवढंच. "दुसरीकडं बी उतरवून ठेवा," म्हणाले आणि बाजारात गेले. मी डिस्क जोडली, तेवढ्यात खंडाळ्याचा एक बंगलेवाला आला. मी माझा खेळ केला. तो म्हणाला, "आणि ती दुसरी टाकली तर?"

अशा वेळी माणसानं काय करावं? नाही म्हणावं. ती कुणाची हे विसरलो होतो, असं म्हणता आलं असतं — पण चांगलं आठवत होतं. टाकली. चालू असताना.

आतून टकटक झाली, मग तीही थांबली. बंगलेवाला खूश, एसएसडी घेऊन गेला.

आबा परतले. मी म्हणालो, "ओल लागली हो, आबा. खूप खटपट केली." लोणावळ्यात ओलीवर कोण शंका घेणार? पापड, दारं, चपला, लग्नातले शालू — सगळे गुन्हे तिच्याच नावावर. आबा डिस्क मांडीवर घेऊन बसून राहिले. "म्हंजी आता सर्जा दिसायचा न्हाई?" मला रडू येत होतं. तरी तोंडातून निघालं काय? — "तबकडीवाल्यांचं असंच असतं."

हे कानावर गेल्यावर सलीमभाई स्वतः आले. माझ्याच दुकानात त्यांनी आबांची माफी मागितली. "मालच कच्चा निघाला असेल, आबा." आणि मी — मान डोलावली. स्वतःची किळस आली, पण मान डोलतच राहिली. पुढे तबकडीची डिस्क इकडे कुणी घेईना.

दरवर्षी भात झोडला की आबा इंद्रायणी तांदळाची पिशवी आणून देतात. "माज्या सर्जासाटी तुमी लय खटपट केली," म्हणतात. मी ती घेतो. घरी त्याचा भात होतो, आणि मी दोनदा वाढून घेतो.