ब्रेकरच्या कडेची वाट

प्रेमलता मॅडम आणि मी एकाच शाळेत शिकवतो. आम्ही दोघेही सौसरचे. शाळा रामाकोन्याच्या अलीकडच्या एका लहान गावात, हमरस्त्यावरच्या फाट्यापासून दीड किलोमीटर आत. बसने फाट्यावर उतरून मॅडम अठरा वर्षं हे अंतर पायी चालल्या. सोबत मनकर्णाबाई, शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या. त्यांचं घर फाट्यावरच. मनकर्णाबाईंच्या डोक्यावर भाजीची टोपली, मॅडमच्या हातात छत्री, आणि दोघींच्या गप्पा शाळेच्या गेटापर्यंत संपायच्या नाहीत.

मी मोटरसायकलवाला. त्यामुळे त्या काळात मॅडमच्या तोंडाचा पट्टा माझ्यावर फार चालायचा. हॉर्न वाजवला तरी चूक, न वाजवता गेलो तरी चूक. "श्रीकांत सर, गाडीवर बसलं का माणसाले दुसरा माणूस दिसतच नाही का हो?" असं त्या पोरांसमोर विचारायच्या. मी हसून वेळ मारून न्यायचो. मनातून राग यायचा, कारण बाई खरं बोलत होत्या.

संत्र्याच्या हंगामात या रस्त्यावर छोटे ट्रक धावू लागले. चौथीतल्या एका मुलीचा पाय त्यातल्याच एकाने मोडला, तेव्हा मॅडमनी कुणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही. शेजारच्या शेतातल्या तुळशीरामची बैलगाडी मागून रविवारी दगड-मुरूम आणला, पदर खोचून स्वतः घमेली उचलली आणि शाळेच्या वळणावर ब्रेकर घातला. दर महिन्याला त्यावर चुन्याचे पट्टे ओढायचं कामही त्यांचंच.

आता ब्रेकर दिसला की आमच्याकडचा दुचाकीवाला काय करतो? तो त्यावर चढतच नाही. कडेला हातभर माती उरलेली असते, तिच्यावरून सटकतो. पायी चालणाऱ्यांची वाटही नेमकी तीच. मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ब्रेकर पार शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, नेऊन भिडवला होता.

मागच्या वर्षी मॅडमचे गुडघे बोलू लागले. नागपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, प्रणालीने, स्कूटी घेऊन दिली आणि बाजाराच्या मैदानात चार रविवार शिकवली. पहिला आठवडा मॅडम बैलांच्या चालीने आल्या. मनकर्णाबाईंना मागे बसा म्हणाल्या, तर "मले चक्कर येते, तुमी व्हा पुढं," म्हणून त्या चालतच राहिल्या.

दोनेक महिन्यांत मॅडम बदलल्या. "लोक कसे मधातून चालून राहिले पाहा," म्हणू लागल्या. हॉर्न लांबला. आणि मग त्यांना स्वतःचाच ब्रेकर कमरेत बसू लागला. एक दिवस तुळशीरामला म्हणाल्या, "भाऊ, धुऱ्याकडून हातभर खोदून टाका न. गाडी निंगण्यापुरतं."

"मॅडम, तुमीच त तिथवर न्यायले लावला होता."

"मी हळूच काढीन हो."

तुळशीरामने कुदळ घातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी चिडवलं, तर मॅडम हसल्या. मीही त्याच फटीतून रोज जाऊ लागलो, हेही सांगितलं पाहिजे.

त्या गुरुवारी माझी गाडी मिस्त्रीकडे होती, म्हणून मॅडमच्या मागे बसून आलो. प्रार्थनेला पाच मिनिटं उरली होती. वळणावर मनकर्णाबाई त्या हातभर मातीवरून चालल्या होत्या. मीच म्हणालो, "गाडी निंगते, काढा." मॅडमनी हॉर्न दिला. मनकर्णाबाई दचकून वळल्या, आरशाचा टोला खांद्याला बसला आणि त्या धुऱ्यावर पडल्या. टोपलीतली वांगी रस्ताभर झाली.

माणसं धावत आली. मनकर्णाबाईंचं डावं मनगट बघता बघता सुजलं. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "माहीच चुकी झाली. मीच मधात आली."

मॅडम गप्प राहिल्या. मीही राहिलो. मॅडमनी त्यांना सौसरला नेलं, हाताला प्लास्टर घालून आणलं, औषधपाणी सगळं पाहिलं. पण ते वाक्य कुणी खोडलं नाही. दोन दिवसांत गावात ठरलं की मनकर्णाबाईला आता ऐकू येत नाही, तिला रस्त्याचं समजत नाही, तिच्या जागी दुसरी बाई ठेवावी. सोमवारी शाळेच्या समितीची बैठक बोलावली गेली. चाळीस पोरांना रांधून घालणं हेच त्या बाईचं जगणं होतं, आणि ते आता जाणार होतं.

समितीचे अध्यक्ष हेमराज यांनी विषय काढला. "उद्या एखाद्या गाडीखाली आली त आपल्यावर येईन. तिनं काम सोडलेलं बरं."

मनकर्णाबाई गळ्यात हात अडकवून भिंतीपाशी बसल्या होत्या. मॅडम उठल्या.

"त्या मधात नव्हत्या. त्या कडेनं चालून राहिल्या होत्या, जिथून मी अठरा वर्षं चालली. मधात माही गाडी आली. अन् ते फट बी मीच पाडायले लावली."

मग मी उभा राहिलो. गाडी काढा असं मीच म्हणालो होतो, हे सांगितलं. चार दिवस उशिरा सांगितलं याची मला अजून लाज वाटते.

हेमराजभाऊंनी तो विषय तिथेच सोडून पुढचा घेतला. मनकर्णाबाईंचं काम टिकलं. त्याच संध्याकाळी मॅडमनी फट बुजवली, मी मुरूम वाहिला, आणि चुना पुन्हा धुऱ्यापर्यंत ओढला.

आता मॅडम वळणाच्या अलीकडेच गाडी बंद करतात, उतरतात आणि ती हाताने ढकलत नेतात, गुडघे दुखले तरी. मला वाटलं होतं, निदान तेवढं अंतर तरी दोघी पुन्हा सोबत चालतील. पण स्कूटीचा आवाज आला की मनकर्णाबाई रस्ता सोडून कडेच्या नालीत उतरतात आणि काट्यांत उभ्या राहतात. परवा मॅडम गाडी धरून तिथेच थांबल्या.

"मनकर्णाबाई, या न वर. मी पायीच आहो."

"हौ मॅडम. तुमी निंगा पुढं, मी येतो मागून."

मॅडम गाडी ढकलत निघाल्या. ब्रेकरपाशी त्यांनी वळून पाहिलं. मनकर्णाबाई अजून नालीतच होत्या, गाडी पार व्हायची वाट पाहत.