मिरचीच्या पथारीवरचा न्याय

माझे मामा नंदुरबारला मिरचीचे अडते होते. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी माल घेऊन त्यांच्याकडे येत आणि येताना भांडणेही आणत. ही हकीकत तिसाच्या दशकातली. मी तेव्हा एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो.

रडणाऱ्याची दया येते आणि दया आली की निकाल चुकतो, असे मामांचे मत होते. म्हणून ते निवाड्याला मिरची वाळत घातलेल्या पथारीवरच बसत. तिथे पाच मिनिटांत सर्वांच्याच डोळ्यांतून पाणी येई. सगळेच रडत असल्यामुळे कोणाचेही रडणे पुराव्यात धरले जात नसे. मिरची उलथणाऱ्या बायांना मात्र सवय होती.

"आप्पा, हाऊ न्याय शे का मयत?" त्यांतली एक दर वेळी मामांना विचारी.

त्या दिवशी दोन शेजारी आले, एक म्हातारा आणि एक तरणा. म्हाताऱ्याचा बैल दावे तोडून तरण्याच्या ज्वारीत शिरतो, अशी तक्रार होती. तिसऱ्यांदा शिरला तर बैल अक्कलकुव्याच्या बाजारात विकायचा, असे दोघांनी आधीच कबूल केले होते. म्हाताऱ्याकडे तेवढे एकच जनावर उरले होते.

"तीनदाव उना, आप्पा. मन्ही जवारी खाई गया," तरणा नाक पुशीत म्हणाला.

"तो मन्हा बैल नही. दुसरा व्हई," म्हातारा नाक पुशीत म्हणाला.

मामांनी ओळख पटवण्यासाठी बैल पथारीवर आणवला. एवढीच त्यांची चूक झाली. आजवर तिथे जनावर आले नव्हते.

बैल शिंकला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. मग तो मालकाला टाळून थेट तरण्याकडे गेला आणि त्याचे ओले, खारट तोंड मन लावून चाटू लागला. बायांनी उलथणे थांबवले.

"वळख पटनी!" मामा म्हणाले. "रोजना पाहुणा शे तुन्हा. गुन्हा साबित व्हयना. इकी टाका."

बैल चाटत राहिला.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," तरणा म्हणाला.

"तू रडी ऱ्हायना. तुन्हं बोलणं आठे चालत नही."

"मी कोठे रडी ऱ्हायनू? मिरची शे."

"मंग तोंड धुई ये. डोया कोरडा करीसन सांग."

हा नियम मामांनी त्याच क्षणी केला. सगळे फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. तरण्याने घागरभर पाण्याने तोंड धुतले आणि डोळे कोरडे होईपर्यंत उभा राहिला. मामांनी ते जवळून तपासले.

"आते बोल."

"या बैलना जोडीदार मरी गया, आप्पा. तधळपासून येस. जवारी खावाले नही, मन्हा बैलेसजोडे येस. जवारी वाटमां लागस म्हणीसन खास. बाबा, रातले याले मन्हा गोठामांज बांधा."

मामांनी विचार केला. बैल रात्री गोठ्यात असेल तर दावे तोडणार नाही, दावे तुटले नाही तर ज्वारी वाचेल. यात दयेचा कुठे संबंध नव्हता.

"आन शेण कोनं?" म्हाताऱ्याने विचारले.

"मन्हा गोठा, मन्हं शेण!"

शेणावरून दोघे पुन्हा भांडू लागले, तेव्हा बैल वाचला हे सर्वांच्या ध्यानात आले. मामांनी शेण तरण्याला आणि बैल म्हाताऱ्याला दिला. तिघेही गावाच्या वाटेला लागले. मधे बैल होता.

"पाह्यनं? निस्तं डोकं वापरं," मामा मला म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. "यंदानी मिरची भलती तिखी शे."

नोंदीसाठी एवढेच लिहितो, की आम्ही रस्त्यावर उभे होतो आणि वारा रस्त्याकडून पथारीकडे वाहत होता.