दसऱ्याला उपाशी राहिलेल्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते आणि पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नसतो. यंदा पेशी वाढवायच्या नव्या इन्क्युबेटरला झेंडूचा हार, कुंकू आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं भाषण असं सगळं मिळालं. आतल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना मात्र खाणं मिळालं नाही. शेजारच्या जुन्या इन्क्युबेटरला कुणी फूलही वाहिलं नव्हतं, म्हणून त्यातल्या पेशींना मी खाऊ घालू शकले.

उपाशी पेशी स्वतःचेच जुने भाग खाऊन तग धरते. औषधाच्या माऱ्यातही कॅन्सरची पेशी हीच युक्ती करते. मायक्रोआरएनए हा जनुकांना गप्प बसवणारा इवलासा रेणू; तो दिला तर हे स्वभक्षण थांबतं का, ते आम्ही पाहत होतो. रेणू दिलेल्या पेशी जुन्या यंत्रात होत्या, न दिलेल्या नव्यात. साहजिकच नव्यातल्या स्वतःला खात सुटल्या, जुन्यातल्या पोटभर खाऊन स्वस्थ राहिल्या. सरांनी श्रेय रेणूला दिलं.

दोन्हीकडे सारखं खाणं घालून मी प्रयोग पुन्हा केला. फरक उरला नाही.

"ते नंतर बघू," सर म्हणाले. या शोधाबद्दल त्यांच्या सत्काराचा हॉल बुक झाला होता.

शाल-श्रीफळाचा फोटो 'कॅन्सरवर नवं औषध' अशा मथळ्याखाली पेपरात आला आणि आमच्या तुर्भ्याच्या घरी पोचला. माझे वडील, आबा, यांनी बाजारात जन्मभर गोणी उचलल्या. त्यांना हाच कॅन्सर आहे. गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी केमोची तारीख दिली होती.

"केमो नगं," आबा म्हणाले. "तुमचं औषध येतंय की."

"औषध नाही ते, आबा. पेशी उपाशी राहिल्या, एवढंच."

"कुनी सांगितलं?"

"मीच पाहिलं."

"मग सायबानं शाल परत दिली का?"

"नाही."

"मंग! टाळ्या वाजवनारी एवढी मानसं काय येडी हायती? तुझंच कायतरी चुकत आसंल, पोरी."

मी सरांना विनवलं, की एक फोन करून आबांना खरं काय ते सांगा. तुमचं ते ऐकतील.

"पेशंटची आशा मोडू नये," सर गंभीरपणे म्हणाले. "त्यांना माझा नमस्कार सांगा."

नमस्कार मी पोचवला नाही. केमोची तारीख गेली. आता आबांची कंबर धरते. शेकाची पिशवी पाठीशी घेऊन ते दाराकडे तोंड करून बसतात आणि मी कामावरून आले, की चप्पल काढायच्या आधी विचारतात,

"आलं का?"