टाकीवरची मुलगी

शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मी एका छोट्या त्रैमासिकात जुन्या विज्ञानकथांवर लिहिते. पिवळी पडलेली मासिकं, दिवाळी अंक, खिशात मावतील अशी स्वस्त पुस्तकं; जळगावात आणि धुळ्यात रद्दीवाल्यांकडे जे हाती लागेल ते. आज वाचताना यातल्या निम्म्या कथांचं हसू येतं. मंगळावर पोचलेला नायक पुण्याचा ब्रह्मचारी असतो आणि यानातली एकुलती एक बाई चहा करते. पण मला हसायचं नसतं. कथा आली तेव्हा बाहेर काय चाललं होतं, त्याच अंकात जाहिराती कशाच्या होत्या, वाचकांनी पत्रांतून काय विचारलं होतं, हे बघून मी लिहिते. घरभर पसरलेल्या गणकयंत्राची कथा वाचायची आणि समोरच्या पानावर वातीच्या स्टोव्हची जाहिरात बघायची. मग लेखकाची झेप कळते.

या सगळ्याचं मूळ एका कथेत होतं. वडील पिंपळनेरला शिक्षक होते. तिथल्या वाचनालयातल्या एका बांधीव खंडात मी अकरा वर्षांची असताना ती वाचली. एका कोरड्या ग्रहावर साऱ्या वस्तीला पाणी पुरवणारी एकच टाकी उरलेली असते. पाणी मोजून द्यायचं काम एका मुलीकडे असतं. टाकी फुटायला आली आहे हे तिच्या एकटीच्या लक्षात येतं, मोठी माणसं ऐकत नाहीत, मग ती आकडेमोड करून त्यांना पटवते. तोवर मी वाचलेल्या कुठल्याही कथेत आकडेमोड मुलीने केली नव्हती. मी विज्ञान शाखेला गेले त्यात या कथेचा वाटा होता, असं मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलं आहे.

कथेखाली लेखकाचं नाव होतं आणि पुढे 'शिंदखेडा' एवढंच. तीन वर्षांपूर्वी ओळखीतून ओळख काढत मी त्यांना धुळ्यात शोधून काढलं. पोस्टातून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरी उलटलेले, मुलाकडे राहणारे. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी आयुष्यात ती एकच कथा छापून आणली होती. मी कथेचा झेरॉक्स पुढे केला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी मी बसने धुळ्याला जायचे. नाना बोलायचे, मी टिपून घ्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं असताना ही कथा सुचली, मनिऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिली, कागद आणायला दुसरीकडे कुठे जायचं होतं, असं ते सांगायचे.

माझा तो लेख गाजला. परदेशी लेखकांनी वाळवंटी ग्रह कल्पनेने रचले, आपल्या शिंदखेड्याच्या माणसाला मात्र ग्रह शोधायला कुठे जावं लागलं नाही, अशी माझी मांडणी होती. धुळ्याच्या एका मंडळाने नानांचा सत्कार केला. मी भाषण केलं. त्यांच्या सूनबाईंनी मला साडी दिली.

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीतल्या एका इंजिनियरांचं घर विकलं गेलं आणि त्यांच्या मुलीने मला दोन पेट्या पुस्तकं दिली. बहुतेक इंग्रजी विज्ञानकथा, चाळीस-पन्नास वर्षांत कुणी न उघडलेल्या. पुढच्या लेखासाठी मी एक संग्रह वाचायला घेतला. त्यातली तिसरी कथा कोरड्या ग्रहावरची होती. दुसऱ्या पानावर टाकी आली. मी मराठी कथा आणून शेजारी ठेवली आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. वाक्यं तीच होती. टाकीला पडलेल्या चिरेचं वर्णन तेच, शेवटचा परिच्छेद तोच. पुस्तक दुष्काळाच्या सात-आठ वर्षं आधीचं होतं. फरक एकच होता. इंग्रजीत आकडेमोड करणारा एक मध्यमवयीन पुरुष होता.

चोरीचं मला तितकंसं नवल वाटलं नाही. त्या काळच्या मासिकांत अशा कितीतरी परकीय कथा मराठी नावं लावून आल्या, मी स्वतःच त्यावर समजुतीने लिहिलं होतं. मला आठवत राहिले ते मनिऑर्डरचे फॉर्म. पन्नास वर्षांपूर्वी पंचविशीतल्या एका माणसाने कथा उचलली, ते मला समजून घेता आलं असतं. पण फॉर्मांची गोष्ट त्यांनी मला तीन वर्षांपूर्वी, समोर बसून, माझ्या वहीकडे बघत सांगितली होती.

मी धुळ्याला गेले. सूनबाई चहा ठेवून आत गेल्या. मी पुस्तक उघडून नानांसमोर धरलं. त्यांनी चष्मा पुसला, थोडं वाचलं आणि पुस्तक मिटलं. आम्ही नेहमी प्रमाण मराठीत बोलायचो. त्या दिवशी ते घरच्या बोलीत बोलले.

"गोट मनी नही, ताई. पन दुष्काय मना शे."

गोष्ट माझी नाही, पण दुष्काळ माझा आहे. वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं की ते आधीच तयार करून ठेवलं असावं, असं मला वाटलं आणि माझा राग वाढला.

"आणि ते फॉर्म, नाना?"

फॉर्म नव्हते, असं त्यांनी कबूल केलं. मग पुन्हा प्रमाण मराठीत म्हणाले, "तू पहिल्याच दिवशी विचारलंस, दुष्काळातूनच सुचली ना? तुझा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही."

मी असंच विचारलं होतं. माझ्याच वहीत तो प्रश्न आहे.

मुलगी कुठून आली, हे मी निघताना विचारलं. त्यांच्या घरी पाण्याच्या रांगेत थोरली बहीण, अक्का, उभी राहायची, म्हणून नायकाच्या जागी मुलगी घातली, असं ते म्हणाले. हे खरं असेल. पण त्यांनी सांगितलेलं काही खरं धरायची माझी तयारी तोवर संपली होती, आणि जी एक गोष्ट त्यांची स्वतःची होती तिच्यावरही मला विश्वास ठेवता आला नाही. मी जिवंत असेपर्यंत हे छापू नकोस, एवढं त्यांनी मागितलं. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि बस गाठली.

मी ते छापलं. माझ्या प्रश्नासकट, सगळं. संपादक नको म्हणत होते. शेवटी मागच्या पानांत बारीक टायपात घातलं. मंडळाच्या लोकांचा राग नानांवर नाही, माझ्यावर निघाला. म्हाताऱ्या माणसाचा एवढासा मान हिला बघवला नाही, असं एकाने मला फोन करून ऐकवलं. काहींना वाटलं, मी आधीपासूनच ओळखून होते. वाचकांपैकी एकाचंही पत्र आलं नाही.

दिवाळीत मी नानांना फोन केला. सूनबाईंनी उचलला. नाना झोपलेत म्हणाल्या. संध्याकाळचे पाच वाजले होते, मागे टीव्ही चालू होता आणि नाना कुणालातरी आवाज वाढवायला सांगत होते. मी बरं म्हणून फोन ठेवला.

पुढच्या अंकासाठी टेबलावर दोन मासिकं काढून ठेवली आहेत. एका कथेचे लेखक हयात आहेत, एरंडोलला राहतात. त्यांचा नंबर मिळाला आहे. मी अजून लावलेला नाही.