चौथं गाणं आणि चंद्रीचा पान्हा

मी पक्का संशयी माणूस. आमच्या मांडवगण फराट्यात कुणाच्या अंगात आलं, तर मी आधी बघतो की तो चोरून इकडेतिकडे बघतोय का. तेव्हा हे वाचून मला भोळा समजू नका...

पाच महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याच दिवसापासून तिची लाडकी गाय चंद्री पान्हा सोडेना. वासराला पाजायची, पण मी बादली घेऊन बसलो की आखडून धरायची. बायको म्हणाली, विकून टाकू. पण आईला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

दौंडला रफिकमामांचं भंगाराचं दुकान आहे. आईला ते बहीण मानतात. म्हणाले, "आरं, मोठ्या गोठ्यात गाणी लावत्यात. ह्यो प्लेअर घिऊन जा." सोबत एक सीडीही दिली. पुतणीनं कव्हर वाचलं — कुणा अमेरिकन संगीतकाराची, जुन्या धाटणीची नवी गाणी. एक बाई गाते, साथीला व्हायोलिन, चेलो, पियानो. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

तीन गाणी होईपर्यंत चंद्री ढिम्म. चौथं लागलं आणि तिनं पान्हा सोडला. मी मात्र धार काढायची विसरलो... कारण ती चाल आईची होती. धारेला बसली की आई हीच गुणगुणायची, बिनशब्दाची. मध्येच थांबून बादली सरकवायची, "सोड बाई" म्हणायची आणि पुन्हा सुरू. ती अमेरिकन बाईसुद्धा नेमकी तिथंच थांबत होती.

म्हटलं, ही मामांचीच करामत. कधीतरी मोबाईलवर आईचा आवाज घेतला असणार, कुणाकडून तरी हे बनवून घेतलं असणार. तडक दौंड गाठलं आणि नको नको ते बोललो.

मामांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, "सीडी पॅकबंद व्हती. तुमच्याच घरी फोडली ना? म्या आक्कासंगं असला खेळ करीन व्हय?"

खरंच, प्लास्टिक पुतणीनं माझ्यासमोर फाडलं होतं. तरी मी हट्ट सोडला नाही. आईनं हे रेडिओवर ऐकलं असेल, म्हटलं. पण कव्हरवर लिहिलंय की गाणी अगदी अलीकडची आहेत, आणि आई तर मी शाळेत असल्यापासून ही चाल गुणगुणतेय.

मामांना गाडीवर घेऊन घरी आलो. प्लेअर आईच्या खाटेजवळ ठेवला. चौथं गाणं लागलं. ती बाई मध्येच थांबली...

"सोड बाई," आई म्हणाली.

जड जिभेनं, पण स्पष्ट. मामा तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. मीही रडलो, त्यांची माफी मागितली.

चंद्री दावणीलाच आहे, आता विकायचं नाव कुणी काढत नाही. मी मात्र अजून सीडी उलटीपालटी करून बघतो. चाल इथून तिकडं गेली की तिकडून इकडं आली, काही सांगता येत नाही. आईला रोज विचारतो, "आये, ही तुला कुणी शिकवली गं?" ती नुसती बघत राहते. बोलते ती फक्त चौथ्या गाण्यात, त्या एका जागी, तेवढंच.