बिनरंगाची शिंगं

आमच्या गल्लीतले पेंटरकाका आयुष्यात कधी हळू बोलले नाहीत आणि हाताला लागलेली एकही वस्तू त्यांनी बिनरंगाची सोडली नाही. ऐन उमेदीत ते ट्रक रंगवायचे. आता सत्तरी उलटली, तरी जुन्या डब्यांचा साठा आणि हातातला ब्रश काही सुटला नव्हता. घराचं दार, नळ, तुळशीचा कट्टा, एवढंच काय, माझी स्कूटरसुद्धा त्यांनी न विचारता शेंदरी करून ठेवली. मी भांडायला गेलो तर म्हणाले, "गंज चढला हुता की. आता बघा, नवरी दिसतीया." ब्रश ओठांत धरून त्याचं टोक निमुळतं करायची त्यांना तरुणपणापासूनची सवय. त्यामुळं आज घरात कुठला रंग चाललाय हे त्यांच्या खालच्या ओठावरून कळायचं. आणि आवाज असा, की काकूंच्या कानात सांगितलेली गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पाठ असायची.

सगळ्यात जास्त रंग लागला तो सरदारला. सरदार म्हणजे त्यांचा रेडा. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. "आमचं काय ते ह्योच," असं काका कौतुकानं म्हणाले की काकू उठून आत जायच्या. सासूनं मरेपर्यंत त्यांना वांझ म्हणून ऐकवलं होतं आणि शेजारणी बारशाचं बोलावणं करायचं टाळायच्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरदारचा रुबाब मात्र मोठा. मुरगूड, नेसरीहून लोक टेम्पोत म्हशी घालून त्याच्याकडं आणायचे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात तेव्हा शेंदरी शिंगांचा हा गडी सगळ्यांच्या पुढं. त्याची गव्हाणही काकांनी जुन्या डब्यातल्या शेंदरी रंगानं चोपडलेली, आणि हा दिवसभर ती चाटत उभा. "रंगाचा नाद हाय त्याला. माझ्यावर गेलाय," काका सांगायचे.

मग आणलेल्या म्हशी गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागल्या. मुरगूडच्या एका गड्यानं तोंडावर सांगितलं, "पावणं, रेडा निस्ता दिसायला हाय. इकून टाका." काकांचं जेवणच तुटलं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं वीर्य तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. निकाल घेऊन ते आले तेव्हा मी रोजच्यासारखा त्यांच्या म्हशीचं दूध न्यायला किटली घेऊन गोठ्यातच उभा होतो.

"रक्तात शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या या जुन्या रंगातलं. चाटून चाटून पोटात गेलंय. नर वरून तगडा दिसतो, पण वृषणात बीज तयार होतं तिथंच शिसं घोळ घालतं. बीज कमी पडतं, जे असतं ते अधू. बैल घ्या, घोडा घ्या, उंदीर घ्या, सगळ्यांचं तेच."

"आन माणसाचं?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"माणूस काय वेगळा नर आहे का काका? पण तुमचं आता कोण कसं सांगणार? नक्की काही म्हणता येत नाही."

काकांनी ओठावरून हात फिरवला आणि बोटाला लागलेला शेंदरी रंग बघत बसले. त्या दिवशी मला दूध द्यायचं ते विसरले.

नंतर त्यांनी गव्हाण फोडून नवी बांधली. सरदारची शिंगं कानशीनं घासून काढली, डबे गोठ्यातून हलवले. बीज सुधारेल, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. "न्हाई झालं तरी हितंच ऱ्हाईल," एवढंच काका म्हणाले.

पाडव्याला सरदार उघड्या शिंगांनी दारात उभा राहिला. गल्ली जमलेली. काकू काकांना ओवाळत होत्या, तेवढ्यात कुणीतरी थट्टा केली, "काय पेंटर, रंग संपला व्हय?"

"रंगानंच घात केला," काका आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. मग काकूंकडं वळले. "तुझ्यात कवाच काय खोट न्हवती गं. माझ्यातच आसंल. डाक्टरला इचारलंय मी."

काकूंनी तबक खाली टेकवलं. "हळू बोला की. आन आता कुनाला सांगता? बोलणारी सगळी गेली."

"ऱ्हायलेत त्यांनी तरी ऐकावं."

मला मान वर करवेना. पलीकडच्या दारातल्या म्हाताऱ्या बायकाही खाली बघत होत्या. काकूंनी पदरानं डोळे पुसले, तबक उचललं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरदारलाही ओवाळलं.