न बोलणाऱ्या आमदाराची गल्ली

म्युनिकच्या विमानतळावर आमचे जावई, केदारराव, मला घ्यायला आले होते. सगळ्यांत जड बॅग त्यांनी आधी उचलली, तेव्हा मी मनाशी ठरवलं की महिनाभर या माणसाला त्रास द्यायचा नाही. तो निश्चय चौथ्या दिवशी मोडला, पण ते पुढे येईलच.

विमानतळापासून रेगेन्सबर्गपर्यंत मोटारीनं सव्वा तास लागतो. वाटेत दोन्ही बाजूंना हॉप्सची शेतं लागली (बिअरला कडवटपणा आणणारी वेल). आपल्या तोंडलीच्या मांडवासारखाच प्रकार, फक्त उंची दोन मजल्यांची. केदारराव तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि माझी मुलगी मुग्धा विद्यापीठात संशोधन करते. शहरात भाडी परवडत नाहीत, म्हणून दोघं डॅन्यूब ओलांडून पलीकडच्या एका खेड्यात राहतात. वरच्या मजल्यावर हे, खाली घरमालकीण फ्राऊ लिंडनर (फ्राऊ म्हणजे श्रीमती). वय त्र्याऐंशी, एकट्या, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर सदैव परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंचे भाव. पहिले तीन दिवस मी त्यांना जिन्यात लांबूनच नमस्कार केला.

चौथा दिवस रविवार होता. मुग्धा तिच्या प्रयोगशाळेत गेली होती. दुपारी मी मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरवायला घेतली आणि पाचव्या मिनिटाला दार वाजलं. केदारराव पांढरेफटक पडले. "अहो आई, आज रूहेत्साइट आहे," ते कुजबुजले (म्हणजे शांतता पाळायची वेळ). इथे रविवारी ड्रिल चालत नाही, व्हॅक्यूम चालत नाही, आणि आता कळलं की चटणीही चालत नाही. दारात फ्राऊ लिंडनर उभ्या होत्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी चटणीची वाटीच त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोट बुडवून चाखलं, जरा विचार केला, आणि आत येऊन खुर्ची ओढून बसल्या.

त्यांनी केदाररावांना विचारलं, की तुमच्या सासूबाई काय करायच्या. मी विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत शब्दशः उतरवून घ्यायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं, मुंबईला आणि दर हिवाळ्यात नागपूरला. आमदारांची भाषणं, आरडाओरडा, आणि काहीच ऐकू येईनासं झालं की कंसात 'गोंधळ' असं लिहायचं. केदाररावांनी हे सांगताना लांडटाग हा शब्द वापरला (राज्याचं विधिमंडळ). तो ऐकताच बाईंनी वाटी खाली ठेवली.

"खाली चला," त्या म्हणाल्या.

खालच्या बैठकीत एका दाढीवाल्या गृहस्थांचं जुनं चित्र होतं. ते त्यांचे पणजोबा, योझेफ लिंडनर. गावातली पाणचक्की त्यांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, बव्हेरियात अजून राजा होता तेव्हा, या भागानं त्यांना निवडून म्युनिकला पाठवलं.

"म्हणजे आमदार," मी कौतुकानं म्हणाले.

"हो, आमदार," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं. आणि गाव त्यांना अजून मुका लिंडनर म्हणतं."

मग सगळी हकीकत बाहेर आली. गावातले निवृत्त शिक्षक, हेर ब्रांडल (हेर म्हणजे तिकडे श्रीयुत), गावाचा इतिहास लिहीत होते. त्यांनी विधिमंडळाच्या कामकाजाचे खंड चाळले, वक्त्यांची सूची पाहिली. सहा वर्षांत लिंडनर यांच्या नावावर एक वाक्य नाही. आता चक्कीमागे नवी घरं होत होती आणि तिथल्या गल्लीला योझेफ लिंडनर यांचं नाव द्यावं अशी सूचना आली होती. येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता गेमाइंडराट (आपली ग्रामपंचायतच म्हणा) त्यावर मत घेणार होती. हेर ब्रांडल पंचायतीचे सदस्यही होते, आणि त्यांचा विरोध होता. सहा वर्षं झोपून परत आलेल्या माणसाचं नाव कशाला, असं ते उघड म्हणत.

"शाळेत मला मुक्याची पोर म्हणायचे," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "ते मी सोसलं. मी लग्न केलं नाही, माझ्यानंतर हे नाव संपलं. आता ते नाव पुस्तकात झोपाळू म्हणून छापून राहणार."

हे त्यांनी भाजीचे भाव सांगावेत तितक्या सरळ आवाजात सांगितलं. ते ऐकता ऐकता माझ्यातली जुनी नोकरदार बाई जागी झाली.

"केदारराव, विचारा त्यांना, गुरुजींनी फक्त भाषणांचे खंड पाहिले की जोडपत्रंही पाहिली?"

फक्त भाषणांचे.

आता यात माझी हुशारी काही नाही, नुसती सवय. विधिमंडळात जे बोललं जातं ते एका पुस्तकात जातं. समित्यांचे अहवाल वेगळे छापतात, ते सभागृहात वाचतही नाहीत, नुसते टेबलावर ठेवतात. अहवाल ज्यानं लिहिला त्याचं नाव शेवटी बारीक अक्षरात असतं. बाहेरचा माणूस भाषणं वाचतो आणि म्हणतो, झालं, एवढंच कामकाज. ज्याचं आयुष्य त्या कागदांत गेलं त्यालाच दुसरं कपाट आठवतं.

"आल्झो, अहो आई," केदारराव सावधपणे म्हणाले (आल्झो म्हणजे 'तर मग'), "म्युनिकच्या लायब्ररीत खंड मागवले तर गुरुवारी तिथे बघायला मिळतील. पण गुरुवारी माझी मीटिंग आहे."

"मग उरलाउब टाका," मी म्हणाले (म्हणजे रजा). हा शब्द मी आल्या दिवशीच शिकले होते.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं म्युनिकच्या गाडीत बसलो. फ्राऊ लिंडनर हॅट घालून, काठी घेऊन आल्या होत्या. माझं थालीपीठ त्यांनी अर्धं खाल्लं, आणि दह्याऐवजी त्यावर जॅम लावला. मी डोळे मिटून घेतले.

वाचनालयात कोट, पिशव्या, पाण्याची बाटली, सगळं कुलपात. आत फक्त पेन्सिल नेता येते. टेबलावर जाडजूड खंड आले, आणि पहिलंच पान उघडल्यावर केदाररावांचा चेहरा पडला. छपाई जुन्या वळणदार जर्मन लिपीत. दहा वर्षं जर्मनीत काढलेला माणूस माझ्याइतकाच अडाणी ठरला. फ्राऊ लिंडनर मात्र भराभर वाचायला लागल्या. त्यांच्या आजीचं प्रार्थनेचं पुस्तक याच लिपीत होतं. मग कामाची वाटणी झाली. कुठे बघायचं ते मी सांगायचं, वाचायचं त्यांनी, आणि मधे केदारराव भाषांतर करत बसायचे. विनंती-अर्जांच्या समितीचे अहवाल मी क्रमांकांवरून शोधले. आकडे सगळ्या जगात सारखेच.

दोन तास काही हाती लागलं नाही. या म्हातारीला आशा लावून आपण इथवर आणलं, आणि कपाटच रिकामं निघालं तर? एवढ्यात त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. पानाच्या तळाशी नाव होतं, योझेफ लिंडनर, अहवाल लिहिणारे.

मग पुढे तेच नाव पुन्हा पुन्हा येत गेलं. कुठे नदीवरच्या नावेची तक्रार, कुठे जंगलातल्या लाकडाची. आणि एक लांबलचक अहवाल, खेड्यांतल्या शिक्षकांच्या अर्जावरचा. त्या काळी गुरुजींना शिकवण्याखेरीज चर्चची घंटा वाजवणं, घड्याळाला किल्ली देणं, झाडलोट, मेणबत्त्या, सगळं करावं लागे. यातून आम्हाला सोडवा, अशी त्यांची विनवणी होती. लिंडनर यांनी लिहिलं होतं: "मी हिवाळ्यात पहाटे स्वतः जाऊन पाहिलं. घंटेचा दोर ओढून गुरुजी वर्गात येतात, तेव्हा त्यांच्या बोटांत खडू धरण्याचं त्राण नसतं. मागणी मान्य करावी."

फ्राऊ लिंडनर आधी मोठ्यानं हसल्या आणि मग रडायला लागल्या. समोरच्या ग्रंथपालानं ओठांवर बोट ठेवलं. तोवर मीही रडत होते.

प्रती काढून आम्ही पाचची गाडी पकडली आणि माती खाल्ली. ती गाडी वाटेत दुभंगते. पुढचे डबे रेगेन्सबर्गला जातात, मागचे पासाऊला, आणि आम्ही आनंदाच्या भरात मागच्या डब्यांत जाऊन बसलो होतो. लांड्सहूट स्टेशनात घोषणा झाली, केदारराव ताडकन उठले. फलाटावर पळताना त्र्याऐंशी वर्षांची बाई काठी वर धरून माझ्या पुढे गेली. पुढचा डबा आम्हाला मिळाला, माझी शाल मात्र पासाऊला गेली ती गेलीच.

सातला पाच कमी असताना आम्ही पंचायतीच्या खोलीत शिरलो. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि हेर ब्रांडल व्यवस्थित फाइल उघडून बसलेले. सरपंच बाईंनी बोलायची परवानगी दिली. फ्राऊ लिंडनर यांनी कागद थेट ब्रांडल यांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

ते उभं राहून वाचू लागले. केदारराव माझ्या कानात मराठीत सांगत होते आणि माझा हात सवयीनं लघुलिपीत चालला होता. खडूची ओळ गुरुजींनी दोनदा वाचली. त्यांनी चष्मा काढला.

"या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "एकदाही घंटा वाजवावी लागली नाही. का लागली नाही, हे मी कधी विचारलंच नाही." पण शिक्षक तो शिक्षकच. त्यांनी पुढे विचारलं, "मग सभागृहात ते बोलले का नाहीत?"

फ्राऊ लिंडनर काठी टेकून उभ्या राहिल्या. "ते तोतरे होते. घरात सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी सांगून ठेवलं होतं, लोक झोपाळू म्हणाले तर म्हणू देत, तोतरे होते हे सांगायचं नाही. आज मी पहिल्यांदा सांगते आहे."

सरपंच बाईंनी मत मागितलं. पहिला हात हेर ब्रांडल यांचा वर गेला आणि त्यामागून बाकी सगळ्यांचे.

महिना संपला, मी परत निघाले. विमानात मला झोप लागेना, कारण सारखे एक आमदार आठवत होते. आमच्या सभागृहात शेवटच्या बाकावर बसायचे. दोन निवडणुका जिंकले, पण कधी तोंड उघडलं नाही. आम्ही प्रतिवेदक चहा पिताना त्यांच्या बाकाला विश्रांतिगृह म्हणायचो. ते नाव मीच ठेवलं होतं. आणि दुसरं कपाट कुठे असतं हे माहीत असूनही, एकतीस वर्षांत मी त्यांच्यासाठी ते एकदाही उघडलं नव्हतं.

मुंबईला पोचल्यावर आठवडाभरात मी जुन्या कचेरीच्या ग्रंथालयात गेले आणि समित्यांचे अहवाल मागवले. तिसऱ्याच खंडात त्यांचं नाव सापडलं, पुढच्या खंडांतही होतं. नंबर मिळवून मी फोन केला. ते आता तालुक्याच्या गावी असतात. मी कोण ते सांगितलं, अहवाल वाचल्याचं सांगितलं, आणि मग विश्रांतिगृहाचंही सांगून टाकलं.

"ते मला तेव्हाच माहीत होतं, बाई," ते म्हणाले. "पण अहवाल वाचला म्हणून फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."